बाळ रडलं का? सांगली-मिरजेतल्या जन्म आणि उपजत मृत्यू नोंदणी सेवेचं परीक्षण

सरळ बाळंतपण, निरोगी बाळ आणि आईवडिलांची आधार कार्डं हातात, एवढं जुळलं तर सांगली-मिरजेकडची जन्मनोंदणी हे सरकारी कामांतलं बऱ्यापैकी सोपं काम आहे. रुग्णालय पोर्टलवर माहिती भरतं, निबंधक ती तपासून मंजूर करतो, दाखला निघतो. सेवेची खरी परीक्षा होते ती बाळ गेलेलं असतं तेव्हा. बाळ जिवंत जन्मलं होतं का, एवढा एकच प्रश्न टेबलावर उरतो. नमुना कोणता भरायचा, दाखला मिळणार का, रजा किती आणि जमिनीत वाटा कोणाला, हे सगळं त्याच्या उत्तरावर फिरतं. त्यामुळे या परीक्षणात सोप्या नोंदींना जागा थोडी आहे आणि अवघड नोंदींना जास्त.

माणसाचं आयुष्य कधी सुरू होतं याची एक पक्की कायदेशीर व्याख्या कुठेतरी छापलेली असेल आणि खिडकीवरचा माणूस ती बघून सांगेल, असं पुष्कळांना वाटतं. तशी व्याख्या आपल्याकडे नाही. प्रत्येक कायद्याने आपल्या कामापुरती रेघ ओढली आहे. नोंदणीचा कायदा बाळ पूर्ण बाहेर आल्यानंतरचं बघतो. फौजदारी कायद्याला बाळाचा एखादा भाग बाहेर आला तरी पुरतो. वारसाहक्काचा कायदा पोटातल्या बाळासाठी पानाची जागा धरून ठेवतो, पण वाढतो ते जिवंत जन्मल्यावरच. सोनोग्राफीचा कायदा 56व्या दिवसापर्यंत भ्रूण म्हणतो आणि 57व्या दिवसापासून गर्भ. जन्ममृत्यूच्या खिडकीचा संबंध यातल्या फक्त पहिल्या रेघेशी. बाकीच्या रेघांची उत्तरं तिथे मागायला गेलं की हेलपाटे सुरू होतात.

या सेवेचा आधार म्हणजे जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969. 2023 च्या दुरुस्तीनंतरचं त्याचं रूप 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. जिवंत जन्म म्हणजे काय, हे त्यात नेमकं सांगितलंय: गर्भ आईपासून पूर्ण बाहेर आला किंवा काढला गेला, आणि त्यानंतर त्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कोणतीही खूण दाखवली. दुसरी खूण म्हणजे हृदयाचा ठोका, नाळेची धडधड, हातापायाची स्पष्ट हालचाल. रडणं ही यातली एक खूण, अट नव्हे. 'रडलंच नाही' म्हणून मृत लिहिलेलं बाळ कायद्याने जिवंत जन्मलेलं असू शकतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच व्याख्येतल्या 'गर्भधारणेचा काळ कितीही असो' या शब्दांकडे. 22व्या आठवड्यात आलेल्या बाळाने एकदा जरी श्वास ओढला, तरी तो जिवंत जन्म. मग दोन नोंदी लागतात: नमुना 1 मध्ये जन्म आणि नमुना 2 मध्ये मृत्यू. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना 4. ते डॉक्टरांनी फी न घेता द्यायचं असतं.

बाहेर येण्याआधीच जिवंतपणाची सगळी चिन्हं संपली असतील तर तो गर्भमृत्यू, मग महिना कोणताही असो. पण सगळ्या गर्भमृत्यूंची नोंद होत नाही. नियमांनी 28 आठवड्यांची मर्यादा घातली आहे. 28 आठवडे पूर्ण झाल्यावरचा गर्भमृत्यू म्हणजे उपजत मृत्यू. तो नमुना 3 मध्ये कळवायचा आणि नमुना 9 च्या नोंदवहीत चढवायचा. 27 आठवडे आणि 5 दिवसांवर पोटातच गेलेल्या बाळाची नोंदवहीत एक ओळही येत नाही.

गंमत म्हणजे याच कायद्यात 'जन्म' या शब्दात जिवंत जन्म आणि उपजत मृत्यू दोन्ही येतात, पण मृत्यू मात्र जिवंत जन्मानंतरच होऊ शकतो. म्हणजे उपजत मृत्यू हा कायद्याच्या लेखी एक जन्म आहे आणि तो मृत्यू नाही. घरचे मृत्यूचा दाखला मागतात, खिडकीवरून 'मिळणार नाही' असं उत्तर येतं, आणि आवाज चढतात. खिडकीवरचा माणूस तिथे चुकलेला नसतो. नमुना 6 हा मृत्यूचा दाखला, नमुना 5 हा जन्माचा, आणि उपजत मृत्यूच्या दाखल्याचा वेगळा नमुना नियमांच्या यादीत दिलेलाच नाही. नमुना 3 मध्ये तारीख, लिंग, आईवडिलांची नावं, ठिकाण, गर्भधारणेचे आठवडे, माहीत असल्यास कारण, असे रकाने आहेत. बाळाचं नाव लिहायला रकाना नाही. घरच्यांनी मनात नाव ठरवून ठेवलेलं असतं, आणि ही उणीव कुणा कारकुनाच्या अंगावर टाकता येत नाही, ती नमुना आखणाऱ्यांची आहे. नेहमीच्या जन्मनोंदणीला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. उपजत मृत्यूच्या नोंदणीला दोन, आणि तेही मुदती स्पष्ट आहेत म्हणून.

28 चा आकडा असा निर्णायक असेल, तर आठवडे मोजले कसे हे बघायलाच हवं. दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी. सोनोग्राफीच्या कायद्यातले 56 दिवस मात्र फलनापासूनचे आहेत, म्हणून ते डॉक्टरांच्या हिशोबाने दहाव्या आठवड्याच्या शेवटी पडतात. दोन कागदांवर दोन वेगळे आकडे दिसले की घरच्यांना वाटतं कुणीतरी लपवाछपवी करतंय. खरं तर मोजपट्टीची सुरुवातच वेगळी असते.

पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. तिचा अंदाज पाच ते सात दिवस इकडेतिकडे होतो. तिसऱ्या तिमाहीतल्या पहिल्याच सोनोग्राफीवरून वय काढलं तर फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तेच बाळ 26 चं किंवा 29 चं ठरू शकतं. ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या बाबतीत हे हटकून होतं, कारण पहिली तपासणी गावाकडे झालेली असते किंवा झालेलीच नसते. म्हणून प्रसूतीच्या केसपेपरला पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालाची झेरॉक्स जोडलेली आहे का, एवढं एक आवर्जून बघावं. वजन हा दुय्यम पुरावा: 28 आठवड्यांचं बाळ साधारण एक किलोचं असतं, पण वाढ खुंटलेलं बाळ त्याहून बरंच हलकं निघतं. नुसत्या वजनावरून आठवडे ठरवलेले असतील तर हरकत घ्यावी.

आता रुग्णालयाच्या कागदाबद्दल, कारण सेवेची निम्मी गुणवत्ता तिथेच ठरते. जिवंत की मृत हे ठरवायचा अधिकार निबंधकाला नाही. रुग्णालयाने जे कळवलं ते तो नोंदवतो. डिस्चार्ज कार्डावर येणारे शब्द सामान्य माणसाला उलगडत नाहीत. 'आय.यू.एफ.डी.' म्हणजे पोटातच मृत्यू. 'एफ.एस.बी.' म्हणजे नुकतंच मृत झालेलं बाळ, हा मृत्यू बहुधा कळा सुरू झाल्यानंतरचा असतो. 'एम.एस.बी.' म्हणजे आधीच गेलेलं, कातडी सुटू लागलेलं. आणि सर्वात त्रासदायक शब्द 'अबॉर्शन'. डॉक्टर आपोआप झालेल्या गर्भपातालाही तोच शब्द वापरतात. विमा कंपनीचा माणूस किंवा सासरचं कुणी तो वाचतं आणि 'करवून घेतला' असा अर्थ काढतं. 'आपोआप' हा शब्द कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावा, डिस्चार्जच्या दिवशीच. नंतर रेकॉर्ड रूममधून दुरुस्ती काढणं म्हणजे आठवड्याचं काम.

सर्रास होणारी चूक अशी. बाळ जन्मतं, दहा-पंधरा मिनिटं धुगधुगी असते, मग जातं. दोन नमुने आणि कारणाचं प्रमाणपत्र भरण्यापेक्षा एक नमुना 3 भरून मोकळं होणं कुणालाही सोपं वाटतं, कधी घरच्यांनाही. 'कशाला दोन-दोन दाखले, त्रास नको' असं म्हणून तेच मान डोलावतात. पुढे काय बिघडतं ते एका हिशोबावरून कळेल.

समजा, मिरज तालुक्यातला एक हिंदू शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको आणि म्हातारी आई, बायको सहा महिन्यांची गरोदर. स्वकष्टाची जमीन 6 एकर. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 20 प्रमाणे पोटातलं बाळ पुढे जिवंत जन्मलं, तर वडिलांच्या मृत्यूच्या तारखेपासूनच ते वारस धरतात. बाळ मृत जन्मलं तर वारस दोघीच: बायकोला 3 एकर, आईला 3. मुलगा जिवंत जन्मला आणि दहा मिनिटांनी गेला, तर आधी तिघांना दोन-दोन एकर. मग मुलाचे 2 एकर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसाकडे, म्हणजे त्याच्या आईकडे. आजी त्या वर्गात बसत नाही. बायकोचे झाले 4 एकर, सासूचे 2. आणि मुलगी जिवंत जन्मून गेली असेल तर? कलम 15(2) नुसार मुलीला वडिलांकडून आलेली मालमत्ता, तिला मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तिचे 2 एकर बायको आणि सासू यांच्यात अर्धे-अर्धे, म्हणजे शेवटी पुन्हा 3 आणि 3. दहा मिनिटांच्या श्वासावर आणि बाळाच्या लिंगावर एक अख्खा एकर इकडचा तिकडे होतो. नमुना 3 भरून 'मोकळं' झालेल्या कुटुंबाला हे तलाठ्याकडे वारसनोंद लावताना समजतं. तोवर भावकीतला कुणीतरी वकील गाठून बसलेला असतो.

याचंच दुसरं टोक म्हणजे घाई. बाळंतपण व्हायच्या आधी वारसनोंद करून वाटणीपत्र उरकू नये. गरोदर बायको मागे आहे हे अर्जात लिहून द्यावं. अर्जाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून पोच घ्यावी. पोटातल्या बाळाला कायदा काही बाबतीत आधीच माणसांत धरतो, याची आणखीही उदाहरणं आहेत. 1963 च्या मुदत कायद्यात दाव्याच्या मुदतीसाठी 'अज्ञान' या शब्दात गर्भातलं मूलही येतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 13 प्रमाणे अजून गर्भातही न आलेल्या नातवासाठी तजवीज करता येते. फक्त मधल्या काळात हक्क दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावा लागतो, आणि त्या नातवाला उरलेला सगळाच्या सगळा हक्क द्यावा लागतो. यातलं काहीही जन्ममृत्यूच्या खिडकीचं काम नाही, पण त्या सगळ्याचा पुरावा मात्र तिथूनच निघतो.

नोंद कुठे करायची याबद्दल मिरजेत रोज वाद होतात. नोंद घटनेच्या जागी, राहत्या गावी नाही. जत, कवठेमहांकाळपासून अथणी, रायबाग, चिकोडीपर्यंतच्या बाळंतिणी मिरजेत येतात, हे इथलं जुनंच चित्र. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. पण बाळ मिरजेत जन्मलं की नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत. गावच्या ग्रामपंचायतीत किंवा कर्नाटकातल्या पंचायतीत ती होणार नाही, केली तर दोन नोंदी होतील आणि पासपोर्टच्या वेळी दोन्ही अडकतील. आईचं गाव नमुन्याच्या सांख्यिकी भागात जातं, ते आकडेवारीसाठी. कर्नाटकच्या कुटुंबांना आणखी एक काळजी: नावांचं इंग्रजी स्पेलिंग. 'ज्ञ' आपण डी-एन-वाय असा लिहितो, तिकडच्या आधारवर तो जे-एन किंवा जी-एन असतो. रुग्णालयाचा ऑपरेटर सवयीने इकडचं टाकतो. फॉर्म मंजुरीला जाण्याआधी छापील प्रत मागून आधारशी अक्षर-अक्षर ताडून बघा.

ऊसतोडीच्या हंगामात वाळवा, पलूस, कराड भागातल्या फडांवर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बाळंतपणं होतात. बीडकडची जोडपी परत गेल्यावर गावी नोंद करू म्हणतात आणि मुदत उलटते. नोंद कोपी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिथेच. घरी झालेल्या जन्माची माहिती द्यायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. आशाताई किंवा एएनएमने बाळ पाहिलेलं असेल तर तिचं लेखी टिपण सोबत ठेवलं की ग्रामसेवकाला अडवायला कारण राहत नाही. धावत्या गाडीत जन्म झाला, मग ती एसटी असो की खंबाटकीत अडकलेली 108, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथली नोंद.

मुदत 21 दिवस. जन्म, मृत्यू, उपजत मृत्यू तिन्हींना तीच. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून काम होतं. 30 दिवसांपुढे वर्षाच्या आत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतात. पूर्वी इथे प्रतिज्ञापत्र लागायचं, म्हणून स्टँप पेपर विकणारे अजूनही ते करायला लावतात. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. 2023 पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं, जुन्या झेरॉक्स दुकानांतले छापील अर्ज आजही त्यांच्याच नावाने असतात, ते घेऊ नका. बाळाचं नाव नंतर घालता येतं: 12 महिन्यांपर्यंत फुकट, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. नाव ठरलं नाही म्हणून नोंद अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

नोंद झाल्यावर दाखला सात दिवसांच्या आत, माहिती देणाऱ्याला, मोफत. इलेक्ट्रॉनिक प्रत चालते. पोर्टलवर मोबाईल क्रमांक द्यावा लागतो. तो एजंटचा देऊ नये, ओटीपी त्याच्याकडे गेला की पुढचा प्रत्येक दाखला त्याच्या दारातून. जुळ्यांच्या बाबतीत प्रत्येक बाळाचा वेगळा नमुना. एक जिवंत आणि दुसरं 30व्या आठवड्यात पोटात गेलेलं असेल, तर एकाचा नमुना 1 आणि एकाचा नमुना 3. दुसरं चौदाव्या आठवड्यातच वाढायचं थांबलं असेल, तर त्याची नोंद नाही.

चुकून नमुना 3 गेला असेल आणि बाळ जिवंत जन्मलं होतं असं केसपेपर सांगत असेल, तर ती नोंदणी कायद्याच्या कलम 15 खालची दुरुस्ती. ही लेखनाची चूक नव्हे, आशयाची चूक, त्यामुळे नुसता अर्ज चालत नाही. घटना माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. लेबर रूममध्ये हजर असलेली नर्स किंवा डॉक्टर यांचं असेल तर उत्तम. सोबत लेबर रूमच्या रजिस्टरची प्रत आणि नवजात बाळाचा अपगार गुण (जन्मल्याबरोबर श्वास, हृदयाचा ठोका, हालचाल वगैरे बघून दिलेले गुण) लिहिलेला कागद. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे गुण दोन्ही शून्य असतील तर दावा लंगडा. पहिल्या मिनिटाला एक जरी गुण असेल तर तो जिवंतपणाच्या खुणेचा लेखी पुरावा झाला. निबंधकाने नकार दिला तर कलम 25अ प्रमाणे 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील, आणि त्याचा निकाल 90 दिवसांत. ही अपिलाची सोय 2023 च्या दुरुस्तीतली सर्वात कामाची आणि सर्वात कमी माहीत असलेली गोष्ट. खिडकीजवळच्या फलकावर शुल्काचे दर लावायला जागा असते, या ओळीलाही असायला हवी.

अंत्यविधीचा कागद हा वेगळा गुंता. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत जगण्याच्या क्षमतेआधीचा गर्भ पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्यात धरलाय. कोणता आठवडा, ते सांगायला वैद्यकीय गर्भपात कायद्याकडे बोट दाखवलंय, आणि त्या कायद्यात जगण्याच्या क्षमतेचा आठवडा स्पष्ट लिहिलेला नाही. हाताशी आकडा उरतो तो त्यातल्या गर्भपाताच्या मर्यादेचा, 24 चा. मग 24 ते 28 आठवड्यांमधलं मृत बाळ कचरा नाही आणि नोंदणीयोग्य उपजत मृत्यूही नाही. घरच्यांना पुरायचं असतं, दफनभूमीचा माणूस कागद मागतो, आणि भरायला नमुना नसतो. इथे चालतं ते रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं पत्र: आईचं नाव, तारीख, आठवडे, 'मृत गर्भ नातेवाइकांच्या ताब्यात दिला', सही, शिक्का. हे पत्र देणं अनेक रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेलं नाही, आग्रह धरावा लागतो. कागदाशिवाय रात्री ओढ्याकाठी पुरणं हा पर्याय नाही. जन्म लपवण्यासाठी बाळाच्या मृतदेहाची गुपचूप विल्हेवाट लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 94 खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आणि मार्च 2017 मध्ये म्हैसाळला ओढ्यालगत पुरलेले 19 भ्रूण सापडल्यापासून या जिल्ह्यात असा खड्डा कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

फौजदारी बाजूची रेघ नोंदणीच्या रेघेवर पडत नाही, हे पोलिसांच्या जबाबात घोळ घालतं. न्याय संहितेच्या कलम 100 च्या स्पष्टीकरणानुसार पोटातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही. पण बाळाचा कोणताही भाग बाहेर आला असेल तर जिवंत बाळाचा मृत्यू घडवणं मनुष्यवध ठरू शकतं, त्याने श्वास घेतला नसला आणि ते पूर्ण जन्मलं नसलं तरी. म्हणजे डोकं बाहेर आणि खांदे अडकलेले, अशा अवस्थेत गेलेलं बाळ नोंदवहीत उपजत मृत आणि गुन्ह्याच्या कागदात मनुष्यवधाचा बळी, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. दोन्ही कागद बरोबर असतात. वादात शवविच्छेदन झालं तर फुफ्फुस पाण्यात तरंगतं का, ही जुनी चाचणी केली जाते. तिच्यावर आंधळा भरवसा नको. कुजण्याने तयार झालेल्या वायूमुळे श्वास न घेतलेलं फुफ्फुसही तरंगतं, आणि कृत्रिम श्वास देण्याचा प्रयत्न झाला असेल तरीही.

गर्भपात सेवेशी या खिडकीचा थेट संबंध नाही, पण लोक दोन्ही एकत्र करतात. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत, 20 ते 24 मध्ये नियमांत दिलेल्या गटांसाठी दोन डॉक्टरांचं, 24 पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं, आणि अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही मागणारा कागद कायद्यात नाही, तरी काही ठिकाणी तो पुढे सरकवतात. उशिराच्या गर्भपातात बाळ जिवंत बाहेर आलं तर काय, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिलं: डॉक्टरांनी त्याला वाचवायचे सगळे प्रयत्न करायचे आणि आईवडील सांभाळायला तयार नसतील तर जबाबदारी राज्याची. अशा वेळी नमुना 1 भरावाच लागतो.

रजेचा हिशोब पुन्हा वेगळा. प्रसूती लाभाच्या कायद्याने (आधी 1961 चा प्रसूती लाभ कायदा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020) 26व्या आठवड्यापर्यंतच्या घटनेला गर्भपात म्हटलंय, त्यासाठी सहा आठवडे रजा. त्या कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं, म्हणून 26 पुढच्या मृत बाळासाठी प्रसूतीची रजा मागता येते. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा एचआर 'नमुना 3 आणा' म्हणाला आणि बाळ 27 आठवड्यांचं असलं, तर नमुना मिळणारच नाही. तिथे प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड हाच पुरावा, आणि कायद्याचं वाक्य दाखवून तो मान्य करून घ्यावा लागतो. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर 2 सप्टेंबर 2022 च्या आदेशाप्रमाणे 28 आठवड्यांनंतर मृत बाळ झालं किंवा बाळ जन्मल्यावर 28 दिवसांत गेलं तर 60 दिवसांची विशेष रजा आहे. तिथे नमुना 3 ची पोच सोन्यासारखी. मातृवंदना योजनेचा हप्ता घेतल्यानंतर गर्भपात किंवा उपजत मृत्यू झाला असेल, तर पुढच्या गरोदरपणात नव्याने लाभार्थी धरतात. अंगणवाडीत 'एकदा घेतलंत' असं ऐकवलं तर हे सांगावं.

नमुना 3 ची पोच मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी हातात पडत नाही. रुग्णालय सोडताना ती, केसपेपरची प्रत आणि पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल एकाच पिशवीत घालून घ्यावेत.